लेल्यांनी सांगितलेलं ध्यान : बडोदे, जानेवारी १९०८

बडोद्याच्या दांडिया बाजारातला खासेराव जाधवांचा बंगला आज ‘अरविंद निवास’ म्हणून ओळखला जातो. श्रीअरविंद घोष बडोद्याच्या नोकरीत असताना इथे राहिले, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्यांना ध्यानाला कसं बसायचं ते याच शहरात एका मराठी माणसानं शिकवलं, ही गोष्ट आपल्या बडोदेकर मराठी मंडळींच्या बोलण्यातही क्वचितच येते. त्या माणसाचं नाव विष्णू भास्कर लेले. ग्वाल्हेरचे, नोकरीनं कारकून, वृत्तीनं भक्त.

अरविंदबाबू १८९३ साली बडोद्यात आले. त्यांचा गोतावळा बराचसा मराठीच होता. खासेराव आणि त्यांचे बंधू माधवराव जाधव हे जवळचे स्नेही, आणि केंब्रिजपासूनचे मित्र केशवराव देशपांडे. योगाकडे ते वळले ते साधारण १९०४ च्या सुमारास, आणि सुरुवात ध्यानानं नव्हे तर प्राणायामानं झाली. देवधर नावाचे एक इंजिनिअर होते, नर्मदाकाठच्या चांदोदच्या ब्रह्मानंदांचे शिष्य. त्यांच्याकडून रीत समजून घेऊन अरविंदबाबू सकाळ-संध्याकाळ मिळून पाच-पाच तास प्राणायाम करू लागले. फायदाही दिसला. प्रकृती सुधारली, मेंदू तरतरीत झाला. पूर्वी महिन्याकाठी जेमतेम दोनशे ओळी कविता होई, तेवढी आता अर्ध्या तासात उतरू लागली, असं त्यांनीच पुढे सांगितलं आहे. पण गाडी तिथेच अडली. १९०६ मध्ये ते बंगालला गेले, राजकारणाच्या धबडग्यात प्राणायाम अनियमित झाला, आजारपणही आलं. पुढची वाट दाखवणारं कुणीतरी हवं होतं.

डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेची काँग्रेस फुटली आणि त्यानंतर अरविंदबाबू बडोद्याला आले. त्यांचे धाकटे भाऊ बारींद्र यांनी तार करून लेल्यांना ग्वाल्हेरहून बोलावून घेतलं. दोघांची गाठ जाधवांच्या घरी पडली. अरविंदबाबूंनी आधीच स्पष्ट केलं, की योग हवा आहे तो कामासाठी. संन्यास घ्यायचा नाही, राजकारण सोडायचं नाही. लेल्यांनी ते मान्य केलं. काही दिवस मात्र सगळी कामं बाजूला ठेवा, एवढीच अट घातली. हे सांगणं सोपं होतं, पाळणं कठीण. सुरतेहून आलेल्या पुढाऱ्याला बडोद्यातली तरुण पोरं एकटं सोडीनात. तेव्हा सरदार मुजुमदारांच्या वाड्यात अगदी वरच्या मजल्यावरची खोली पाहिली आणि दोघं तिथे बसले.

आता लेल्यांनी काय सांगितलं ते नीट बघण्यासारखं आहे. मंत्र दिला नाही, श्वास मोजायला लावलं नाही. त्यांच्या सांगण्याचा मतलब असा: बसा, विचार करू नका, नुसतं मनाकडे बघा. विचार बाहेरून येताना दिसतील. ते आत शिरण्याआधीच परतवून लावा.

वाड्याच्या देवडीवर बसणाऱ्या पहारेकऱ्याची आठवण यावी असं हे काम आहे. पहारेकरी चौकात येऊन पाहुण्यांशी गप्पा मारत नाही. तो दिंडीशीच बसतो आणि कोण येतंय ते बघतो. हल्ली ध्यानाच्या वर्गात बहुतेक ठिकाणी सांगतात, की विचार येऊ द्या, जाऊ द्या, आपण नुसतं पाहावं. लेल्यांची रीत त्याहून कडक आहे. येऊच देऊ नका म्हणणारी. शिवाय तिच्या बुडाशी एक समज आहे, की विचार हे आपलं स्वतःचं उत्पादन नाही, बाहेरून येणारी वस्तू आहे. इंग्लंडात शिकलेल्या, बुद्धीवर जगणाऱ्या माणसाला हे पटायला जड जाणार. अरविंदबाबूंनी असं कधी ऐकलंही नव्हतं. त्यांनी वाद घातला नाही, खरं-खोटं करत बसले नाहीत, सांगितलं तसं करून पाहिलं. मन निवांत झालं, विचार खरोखरच बाहेरून येताना जाणवले, आणि तीन दिवसांत मन मोकळं झालं, असा त्यांचा स्वतःचा वृत्तांत आहे.

पुढे एका पत्रात त्यांनी लिहिलं, की बुद्धी, शिक्षण, कुवत या सगळ्यांत लेले माझ्यापेक्षा कितीतरी कमी होते, आध्यात्मिक दृष्ट्याही पूर्ण नव्हते. पण त्यांच्या मागे एक शक्ती दिसली, म्हणून मी स्वतःला त्यांच्या हाती सोपवलं. वाचायला जरा बोचतं खरं. तरी शिष्यानं गुरूचं माप इतकं कोरडेपणानं घ्यावं आणि तरीही ऋण लपवू नये, हे मला फार मोलाचं वाटतं.

‘तीन दिवसांत साधलं’ एवढंच सांगितलं जातं तेव्हा मात्र अर्धी गोष्ट गळते. त्या तीन दिवसांच्या मागे तीन-एक वर्षांचा प्राणायाम होता, एकाग्रतेची सवय होती. नवख्या माणसानं तीन दिवस बसून पाहिलं आणि चौथ्या दिवशी भाजीचा हिशेबच डोक्यात घोळत राहिला, तर त्यात नवल नाही. दुसरी गळणारी गोष्ट अशी, की जे घडलं ते लेल्यांना नकोच होतं. लेले सगुणाचे उपासक. शिष्याला मात्र अनुभव आला तो निर्गुण ब्रह्माचा, सगळं जग पडद्यावरच्या चित्रासारखं खोटं वाटण्याचा. हा मार्ग ना गुरूच्या मनातला, ना शिष्याच्या.

त्याच अवस्थेत अरविंदबाबू मुंबईला आले. १९ जानेवारीला मुंबई नॅशनल युनियनपुढे भाषण होतं आणि मनात तर शब्दही नाही. लेल्यांना विचारलं. ते म्हणाले, श्रोत्यांना नमस्कार करा आणि थांबा, बोलणं येईल. ते आलं, आणि पुढची भाषणंही तशीच झाली. निरोप घेताना अरविंदबाबूंनी पुढच्या साधनेच्या सूचना मागितल्या. लेले सांगू लागले आणि मध्येच थांबले. आतून जो चालवतो त्याच्यावर सगळं सोपवता येईल का, असं त्यांनी विचारलं. होकार आला, तेव्हा मग माझ्या सूचनांची गरज नाही, म्हणाले.

थोड्याच आठवड्यांनी लेले कलकत्त्याला गेले. सकाळ-संध्याकाळ ध्यानाला बसता ना, ही त्यांची पहिली चौकशी. अरविंदबाबूंनी ठरावीक वेळी बसणं सोडलं होतं. ध्यान दिवसभर चालूच असतं, असं त्यांचं म्हणणं. लेले घाबरले. तुम्हाला सैतानानं पछाडलंय, असं म्हणाले. बारींद्रांच्या बॉम्ब करणाऱ्या पोरांनाही त्यांनी हा मार्ग सोडा म्हणून बजावलं. कुणी ऐकलं नाही. २ मे १९०८ ला धरपकड झाली, बारींद्रांना फाशीची शिक्षा लागली, ती पुढे काळ्या पाण्यावर आली. अरविंदबाबू वर्षभर अलीपूरच्या तुरुंगात होते, आणि तिथे त्यांना ध्यानाला हवा तेवढा वेळ मिळाला.