होस्टावरील विषाणूरोग कसा ओळखावा?

होस्टा ही मूळची जपान, कोरिया व चीनमधील सावलीप्रिय शोभिवंत वनस्पती. पानांच्या शिरांलगत शाई फुटल्यासारखे गडद वा फिकट डाग पसरले, तो भाग सुरकुतला, तर ‘होस्टा व्हायरस एक्स’ची शंका घ्यावी. मिनेसोटा विद्यापीठातील बेन लॉकहार्ट यांनी १९९६ मध्ये हा विषाणू ओळखला. गंमत म्हणजे, ‘ब्रेकडान्स’सारखी रोगट झाडे चक्क नवे वाण म्हणून विकली गेली! शिरांच्या मधोमध तपकिरी पट्टे असल्यास दोष सूत्रकृमींचा. भोके बहुधा गोगलगायींची. लागणीनंतर लक्षणे उमटण्यास कित्येकदा वर्षे लागतात; म्हणून केवळ नजरेवर न विसंबता पानाच्या रसाची पट्टीचाचणी करावी. हा रोग कात्रीला वा हाताला लागलेल्या रसातून पसरतो. त्यावर उपचार नाही. बाधित झाड मुळांसकट काढून नष्ट करावे.