विमानातून हाडात

१९५१ साली लेव्हेन्थाल या अमेरिकन संशोधकांनी उंदरांच्या मांडीच्या हाडात टिटॅनियमचे स्क्रू बसवले. सहा आठवड्यांनी ते थोडे अधिक घट्ट झाले होते. बारा आठवड्यांनी काढणे अवघड झाले आणि सोळा आठवड्यांनी एका उंदराचा स्क्रू निघण्याऐवजी हाडच मोडले. स्वीडनमध्ये ब्रॉनेमार्क यांनाही असाच अनुभव आला. सशाच्या हाडातले रक्ताभिसरण पाहण्यासाठी बसवलेले टिटॅनियमचे महागडे उपकरण त्यांना पुन्हा वापरायचे होते, पण ते हाडातून सुटेना! या अडचणीतूनच १९६५ साली एका रुग्णाच्या जबड्यात टिटॅनियमची 'मुळे' रोवून त्यांवर दात बसवण्यात आले. ते २००६ साली त्याच्या मृत्यूपर्यंत टिकले.

रत्नागिरीच्या काळ्या वाळूतल्या इल्मेनाइटमध्ये टिटॅनियम असते. पण ऑक्सिजनवरचा त्याचा लोभ एवढा की शुद्ध धातू मोकळा करणे महाकठीण. हाच लोभ शरीरात मात्र उपयोगी पडतो. धातूच्या पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर तत्काळ तयार होतो, ओरखडा गेला तरी पुन्हा भरून येतो. त्यामुळे रक्तातल्या क्षारांची गाठ धातूशी न पडता या निष्क्रिय थराशी पडते.

जबड्यासाठी शुद्ध टिटॅनियम चालले. खुब्याच्या सांध्याला अधिक मजबुती हवी होती. ६ टक्के ॲल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू १९५०च्या दशकात विमानांसाठी तयार झालेलाच होता. टिटॅनियमची स्फटिकरचना ८८२ अंश सेल्सियसखाली षट्कोनी (अल्फा) व त्यावर घनाकृती (बीटा) असते. ॲल्युमिनियम अल्फाला टिकवते, व्हॅनेडियम बीटाला. दोन्हींच्या मिश्रणातून बळकटी येते. हा मिश्रधातू अस्थिशल्यविशारदांनी जसाच्या तसा उचलला. विमानाला जे चालते ते हाडाला चालेल का, हा प्रश्न माझ्या मते फार उशिरा विचारला गेला.

व्हॅनेडियमची संयुगे पेशींना विषारी ठरतात, म्हणून स्वित्झर्लंडमध्ये त्याच्या जागी नायोबियम घातलेला मिश्रधातू बनवण्यात आला व १९८०च्या दशकात तो वापरात आला. दुसरी अडचण ताठरपणाची. लाकडी फूटपट्टीला पोलादी फूटपट्टी घट्ट बांधा आणि वाकवून पाहा. जवळजवळ सारा ताण पोलाद घेते, लाकूड नुसते सोबतीला असते. यंगचा गुणांक हाडाचा १० ते ३० गिगापास्कल, पोलादाचा सुमारे २००, तर विमानाच्या मिश्रधातूचा ११०. म्हणजे टिटॅनियम पोलादापेक्षा बरे, पण हाडापेक्षा कितीतरी ताठर. ज्या हाडावर भार पडत नाही ते विरळ होत जाते. अंतराळवीरांचेही तेच होते. मग रोपण सैल पडते, आणि पुन्हा शस्त्रक्रिया करायची तर धरायला हाड कमी उरलेले असते.

१९९८ साली जपानमध्ये निइनोमी व सहकाऱ्यांनी नायोबियम, टँटॅलम व झिर्कोनियम मिसळून संपूर्ण बीटा रचनेचा मिश्रधातू सादर केला. त्याचा गुणांक ६०च्या आसपास येतो. पण गुणांक उतरवताना बळकटी राखणे सोपे नाही. शिवाय दांडा फार लवचीक असेल तर तो हाडात हलत राहतो आणि हाड त्याला धरत नाही.

घर्षणात तर टिटॅनियम कच्चेच. सांध्याचा गोळा त्याचाच केलेल्या रुग्णांमध्ये झिजलेल्या कणांनी आजूबाजूच्या ऊती काळ्या पडल्या. म्हणून आज दांडा टिटॅनियमचा असला, तरी गोळा कोबाल्ट-क्रोमियमचा किंवा सिरॅमिकचा असतो.