गायनविद्या लोकांच्या दारी

सूर आणि ताल आपल्या गावोगावच्या लोकांना परके नाहीत. भजन, कीर्तन, गोंधळ व भारूड यांच्या द्वारे ते लहानपणापासूनच प्रत्येकाच्या कानी पडतात. परंतु रागदारी गायनाची रीतसर तालीम मिळणे मात्र सव्वाशे वर्षांपूर्वी सामान्य घरातील मुलास दुरापास्त होते. ही विद्या संस्थानिकांच्या आश्रयाने व घराण्यांच्या चार भिंतींत नांदत असे. गुरुगृही वर्षानुवर्षे सेवा करावी, तेव्हा कोठे एखादी चीज पदरात पडे. प्रतिष्ठित घरांतून तर गाणे शिकणे कमीपणाचे मानीत. ही स्थिती पालटावी म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांचे नाव अग्रभागी आहे.

विष्णुबुवांचा जन्म दि. 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरबुवा हे कीर्तनकार होते. लहानपणी फटाक्याच्या अपघाताने विष्णुबुवांचे डोळे अधू झाले व शाळा सुटली. तेव्हा त्यांना मिरजेस पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकण्यास ठेवण्यात आले. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविण्याचे श्रेय बाळकृष्णबुवांकडे जाते. गाणे आवडीने ऐकावे, पण गवयास मान देऊ नये, ही त्या काळची रीत विष्णुबुवांना सहन होत नसे. 1896 साली त्यांनी मिरज सोडली व ठिकठिकाणी जलसे करीत ते पंजाबात पोहोचले.

दि. 5 मे 1901 रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. ही संस्था एखाद्या राजाच्या खजिन्यातून उभी राहिली नाही. लोकांची वर्गणी व जलशांचे उत्पन्न हाच तिचा आधार होता. वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा व छापील पुस्तके या गोष्टी गायनाच्या शिक्षणात त्यांनी आणल्या. चीज कागदावर उतरविण्यासाठी स्वतःची स्वरलेखन पद्धती तयार केली. काही होतकरू मुलांना संस्थेतच ठेवून त्यांतून पुढचे शिक्षक घडविले.

याच काळात पं. विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) हे संशोधनाचे कार्य करीत होते. व्यवसायाने वकील असलेल्या या गृहस्थांनी देशभर फिरून जुने ग्रंथ तपासले, घराणेदार गवयांकडून शेकडो चिजा मिळविल्या आणि त्या सर्वांसाठी छापून खुल्या केल्या. 1916 साली बडोद्यास भरलेली अखिल भारतीय संगीत परिषद त्यांच्याच खटपटीचे फळ होते. दोघांच्या पद्धती निराळ्या होत्या, मतभेदही होते. परंतु विद्या कोंडून ठेवू नये याविषयी दोघेही एकाच मताचे होते.

1908 साली विष्णुबुवांनी मुंबईत महाविद्यालय काढले. पुढे कर्ज काढून स्वतःची इमारत बांधली. कर्ज फिटले नाही व ती लिलावात गेली. आयुष्यभराची कमाई एका फटक्यात गेली, असे कोणासही वाटले असते. दि. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेस त्यांचे निधन झाले, तेव्हा हाती वास्तू नव्हती. पण शिष्यवर्ग देशभर पसरलेला होता.

त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळाची उभारणी केली. पं. विनायकराव पटवर्धनांनी 1932 साली पुण्यास महाविद्यालय काढले. प्रो. बी. आर. देवधरांनी मुंबईत संगीत विद्यालय चालविले. पं. ओंकारनाथ ठाकुरांनी काशी हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे शिक्षण उभे केले. पं. नारायण मोरेश्वर खरे साबरमती आश्रमात गेले, 1930 च्या दांडीयात्रेत चालले आणि साध्या माणसांना एकसुरात भजन म्हणावयास शिकविले. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना आजही लहान गावांतील मुलेमुली बसतात. गायक न झाले तरी ती गाण्याचे जाणते श्रोते होतात, हाही लाभ थोडा नव्हे.

वास्तू बांधण्यास द्रव्य लागते व ते देणाऱ्यांचे उपकार मोठेच आहेत. त्याबरोबर शिकविणारा, शिकणारा व ऐकावयास बसणारा असे तिघेही लागतात. विष्णुबुवांची इमारत गेली, तरी ही तीन माणसे त्यांनी मागे ठेवली होती. म्हणूनच त्यांचे कार्य पुढे चालू राहिले.