पौंडभर धान्य

१८७६ साली दख्खनला पावसाने दगा दिला. सरकारने दुष्काळी कामे काढली खरी. पण १८७७ च्या जानेवारीत हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवले, की गड्याला दिवसाकाठी पौंडभर धान्य पुरे, वर अर्धा आणा. पौंड म्हणजे जेमतेम अर्धा शेर! साहेबांनी स्वतः कधी खडी फोडली नव्हती, हे उघडच आहे. त्या अर्धपोटी माणसांनी मग हजारोंनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. पुढे दुष्काळसंहिता झाली. पण दुष्काळ केव्हा म्हणायचा हे सरकारच ठरवी.

शंभर वर्षांनी पुन्हा तोच प्रसंग आला. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. काम मागणे हा हक्क आहे, असा वि. स. पागे यांचा आग्रह. पण पैसा? १९७५ साली व्यवसाय कर बसला. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून दरमहा काही रुपये कापले जाऊ लागले आणि तेवढीच भर सरकारने घालायची ठरली. रोजगार हमीचा १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. कपातीबद्दल कारकून कुरकुरले असतील. पण त्यांतल्या कित्येकांची भावकी त्याच खडीवर बसलेली होती.