जिल्हा म्हणजे बरगडी

खानदेशात अजूनही म्हातारी माणसं धुळ्याला किंवा जळगावला निघाली की गावाचं नाव घेत नाहीत. 'जिल्हाले जाई ऱ्हायनू,' एवढंच सांगतात. काम सातबाऱ्याचं असो की कोर्टाचं, ठिकाण ठरलेलं.

हा 'जिल्हा' मूळचा अरबी. 'ज़िला'चा तिथला अर्थ बरगडी, आणि त्यावरून बाजू. फारसी दफ्तरातून येताना तो मुलखाचा एक भाग झाला. 'तालुका'ही अरबीच, अर्थ संबंध, लागेबांधे. अकबरानं १६०१ साली असीरगड घेऊन खानदेश मोगलाईत आणला, तेव्हापासून असे शब्द इथल्या कागदावर मुरत गेले.

पण आज आपण ज्याला जिल्हा म्हणतो, त्याची चौकट इंग्रजांची. १८१८ साली पेशवाई संपली आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जनं धुळ्याला ठाण मांडलं. खानदेश म्हणजे जवळजवळ दहा हजार चौरस मैलांचा मुलूख, आणि त्यावर एक कलेक्टर. नावातच त्याचं काम आहे: वसुली करणारा. १९०६ मध्ये या बरगडीच्या दोन झाल्या, पूर्व खानदेश जळगावला, पश्चिम खानदेश धुळ्याला. जुनं खरेदीखत घरात असेल तर काढून बघा, 'जिल्हा पूर्व खानदेश' अशी अक्षरं सापडतील. ही नावं १९६० साली गेली. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघालं.

या सगळ्या वाटण्या वरून झाल्या. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये सतराव्या शतकातच गावकरी सभा भरवून रस्त्याचा, कराचा निर्णय घेत. त्यांचा देश नंतर जन्मला. आपल्याकडे सरकारी जिल्हा आधी आला, लोक त्यात मागून शिरले. धुळ्याची नगरपालिका १८६२ ची, जळगावची १८६४ ची. १८८४ च्या कायद्यानं लोकल बोर्डात काही माणसं निवडून जाऊ लागली, पण जिल्हा बोर्डाच्या अध्यक्षाच्या खुर्चीत पुढे कित्येक वर्षं कलेक्टरच बसे. तरी 'मी लोकल बोर्डाच्या शाळेत शिकलो' हे वाक्य आमच्या आजोबांच्या पिढीनं छाती पुढे काढून म्हटलं, कारण गावात पाटी-पेन्सिल आली ती त्या बोर्डामुळे.

खरा पालट १ मे १९६२ चा. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. शाळा, दवाखाना, गावरस्ता लोकांनी निवडलेल्या सभागृहाकडे आला. मला वाटतं, वसुलीसाठी आखलेल्या चौकटीत माणूस बसला तो त्या दिवशी.

म्हणूनच पुढची गोष्ट मला टोचते. २०२२ च्या मार्चमध्ये जळगाव जिल्हा परिषदेची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि कारभार प्रशासकाच्या, म्हणजे पुन्हा अधिकाऱ्याच्या हाती गेला. त्या वर्षी जिल्हा परिषदांना साठ वर्षं पूर्ण होत होती.