जाड तिरप्या अक्षराचे धनी

छापील अक्षराला इतिहास असतो हे आपण सहसा विसरतो. पुस्तक वाचताना आपले लक्ष मजकुराकडे असते, आणि ते तसेच असावे. परंतु आज आम्हाला एका अक्षराचीच हकीकत सांगावयाची आहे, कारण तिच्यात मालकी आणि कारागिरी यांचा जुना तंटा दडलेला आहे.

रोमन लिपीतील अक्षरांच्या टोकांना बारीक आडव्या रेघा असतात. त्यांना सेरिफ म्हणतात. ह्या रेघा अक्षराच्या दांड्याइतक्या जाड केल्या, की पायाखाली फळी ठोकल्यासारखे दणकट अक्षर तयार होते. तेच स्लॅब सेरिफ. ते आणखी काळे करून उजवीकडे कलवले म्हणजे आपला आजचा विषय समोर उभा राहतो. मोनोटाइप कंपनीने 1934 साली काढलेल्या रॉकवेल ह्या टाइपाचे काळे तिरपे रूप कित्येकांनी संगणकावर पाहिलेही असेल. दुकानाची पाटी, वेष्टन, खेळाडूचा सदरा, मोठा मथळा, अशा जागी ते शोभते. सबंध पान मात्र त्यात छापू नये. वाचणारा दोन परिच्छेदांतच थकेल.

सरळ अक्षर एका अंगाला ढकलले की तिरपे झाले, असे वाटते खरे, पण ते तसे नाही. नुसते ढकलले तर वाटोळ्या ‘ओ’चा एक कर्ण फुगतो आणि दुसरा रोडावतो. पट्ट्यांच्या कडा टोकदार होतात. जेथे जाड पट्टी जाड दांड्याला मिळते तेथे शाईचा डाग पडल्यासारखा काळोख साचतो आणि अक्षराच्या पोटातली पांढरी जागा बुजत जाते. म्हणून आखणाऱ्याला प्रत्येक वळण पुन्हा कोरावे लागते. कोठे पट्टी अर्धी कापावी लागते, कोठे जाडी चोरावी लागते. शिशाच्या खिळ्यांच्या काळी आणखी एक अडचण होती. तिरप्या अक्षराचे डोके खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबते, आणि छपाईच्या दाबाने नेमके तेच तुटते.

ह्या अक्षराच्या मातापित्यांपैकी तिरपेपणा जन्मला व्हेनिसमध्ये. आल्डस मानुशियस ह्या प्रकाशकाने 1501 साली व्हर्जिल कवीचे काव्य लहान आकारात छापले, ते संपूर्ण तिरप्या टाइपात. ठसे कोरले होते बोलोन्याच्या फ्रांचेस्को ग्रिफो ह्याने. आल्डसने त्या पुस्तकात ग्रिफोच्या हाताची पद्यात स्तुती केली. परंतु ते अक्षर वापरण्याचा खास हक्क व्हेनिस सरकारकडून मिळवला तो स्वतःसाठी. कौतुक कारागिराला, सनद धन्याला! ग्रिफो त्याला सोडून गेला आणि फानो येथे सोन्चिनो ह्या मुद्रकासाठी कोरू लागला. सोन्चिनोने 1503 साली छापून सांगितले, की ह्या अक्षराचा खरा कर्ता ग्रिफोच होय. इकडे ल्योंच्या मुद्रकांनी आल्डसच्या पुस्तकांच्या सर्रास नकला केल्या. त्याच वर्षी आल्डसने जाहीर इशारा काढून त्यांतील चुकांची यादी दिली. सनद व्हेनिसची, ल्योंमध्ये तिला कोण विचारतो?

जाडपणा आला तो तीनशे वर्षांनी, लंडनच्या रस्त्यावरून. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात व्हिन्सेंट फिगिन्सच्या ओतशाळेने ‘अँटीक’ नावाचा जाड पट्ट्यांचा टाइप काढला. पुढे अशा अक्षरांना ‘इजिप्शियन’ म्हणू लागले. इजिप्तच्या लेखनाशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. नेपोलियनच्या 1798 च्या स्वारीनंतर युरोपात त्या देशाचे वेड लागले होते, एवढेच. भिंतीवरच्या जाहिरातीला ओरडणारे अक्षर हवे होते आणि सरकारी लॉटरीची पत्रके हे त्याचे मोठे गिऱ्हाईक. गंमत अशी, की फॅन स्ट्रीटची ओतशाळा विल्यम थॉरोगुडने 1820 साली विकत घेतली ती लॉटरीत मिळालेल्या पैशांवर!

ह्याच ओतशाळेतून 1845 साली रॉबर्ट बेस्लीने ‘क्लॅरेंडन’ बाजारात आणला. ठसे बेंजामिन फॉक्सचे. भिंतीवरचा आरडाओरडा येथे आटोपशीर झाला. साध्या टाइपाच्या ओळीतच बसेल, परंतु डोळ्याला चटकन सापडेल, असा हा काळा टाइप कोशकारांच्या फार उपयोगी पडला. तोवर वेगळेपणा दाखवावयाचा तर तिरपा किंवा मोठ्या अक्षरांचा आधार घ्यावा लागे. आपल्या मराठी कोशांतही मूळ शब्द काळ्या टाइपात शोधण्याची डोळ्याला सवय आहे. ती त्याच जातीची. पुढे इंग्रज जुळारी कोणत्याही काळ्या टाइपाला क्लॅरेंडनच म्हणू लागले.

बेस्लीने 1842 च्या कायद्याखाली हे अक्षर नोंदवून तीन वर्षांचे संरक्षण मिळवले. मुदत संपताच इतर ओतशाळांनी नकला काढल्या. बेस्लीचे त्यामुळे फार बिघडले नाही. 1869 साली तो लंडनचा लॉर्ड मेयर झाला. आणि फॉक्स? बेस्ली निवृत्त झाल्यावर तो त्याच ओतशाळेत भागीदार झाला आणि ‘रीड आणि फॉक्स’ अशी पाटी लागली. ग्रिफोच्या वाट्याला पद्यातली स्तुती आली, फॉक्सला पाटीवर जागा मिळाली. आमच्या मते कारागिराला दुसरी गोष्टच अधिक उपयोगी.

तंटा मात्र मिटलेला नाही. अमेरिकेत 1978 च्या एका निकालाने अक्षराच्या आकाराला कॉपीराइट नाकारला. संगणकातल्या फॉन्टच्या आज्ञावलीला तो मिळू शकतो, पण तिच्यातून उमटणारा आकार कोणीही नव्याने रेखाटावा. ब्रिटनमध्ये 1988 च्या कायद्याने अक्षराच्या आकारालाही पंचवीस वर्षांचे संरक्षण दिले. बेस्लीला मिळाली होती तीन.