१४. तिरंगा यात्रा
स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त ऑगस्ट २०२२ मध्ये गावोगावी निघालेली राष्ट्रध्वजाची मिरवणूक येथे अभिप्रेत आहे. ‘हर घर तिरंगा’ मोहिमेचे दिवस १३ ते १५ ऑगस्ट. घरावरचा झेंडा रात्रीही फडकत ठेवण्याची मुभा त्याच वर्षी जुलैत मिळाली होती. तेव्हा मजकुरातला रात्रीच्या झेंड्यांचा उल्लेख ही लेखकाची चूक नव्हे.

पुढच्याच ओळीतला ‘दुसरा अमृतमहोत्सव’ मात्र वेगळा. माजलगाव (जि. बीड) १९४७ साली निजामाच्या हैदराबाद संस्थानात, बोलीत ‘मोगलाईत’ होते. १५ ऑगस्ट १९४७ला देश स्वतंत्र झाला तरी संस्थान भारतात सामील झाले नव्हते, आणि तिरंगा लावणे तेथे राजद्रोहात जमा होई. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी हैदराबादेत अटक झाली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या (‘पोलीस ॲक्शन’ ती हीच, जरी काम लष्कराचे होते) आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. म्हणजे माजलगावकरांचे स्वातंत्र्य उर्वरित देशाच्या तेरा महिने मागून आले. मराठवाडा मुक्तिसंग्रामाला पंचाहत्तर वर्षे पुरी झाली ती १७ सप्टेंबर २०२३ रोजी. दरवर्षी या दिवशी मराठवाड्यात सरकारी ध्वजारोहण होते. १५ ऑगस्टचे होतेच, ते वेगळे.